पडलेली वलांडी

परवा संध्याकाळी आमची छाया पलंगावर पालथी पडून भूमितीचा अभ्यास करत होती. छाया सातवीत आहे. अभ्यास आडवं पडूनच होतो, बसून फक्त टीव्ही बघता येतो, असा तिचा अनुभव आहे. मी शेजारी बसून पेपर वाचण्याचं नाटक करत तिच्या वहीत डोकावत होतो. वहीत पाच त्रिकोण होते. सगळे कसे शिस्तीत, पाया खाली, टोक वर, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत बसवलेल्या मुलांसारखे. त्यातल्या एकावर बोट ठेवून मी विचारलं, "हा कुठला?"

"समद्विभुज," ती म्हणाली. "दोन बाजू सारख्या."

मी वही उचलली, फिरवली आणि आडवी धरली. "आता?"

तिने मान वाकडी केली, डोळे बारीक केले आणि वैतागून म्हणाली, "बाबा, सरळ धरा ना! असं कसं ओळखणार?"

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "पोरीचं चुकतंय आणि तुम्हाला हसू कसलं येतंय?" आता तिला काय सांगणार? छायाने नाक आईचं घेतलं, रंग आईचा घेतला, अक्षरसुद्धा आईचं घेतलं. गेली बारा वर्षं मी या मुलीत माझं काहीतरी शोधत होतो. ते त्या संध्याकाळी सापडलं.

त्यात योगायोग असा की त्याच दिवशी माहीमहून हिरावहिनीची पिशवी आली होती. आमचं माहीम म्हणजे मुंबईचं नव्हे, पालघरपासून एसटीने समुद्राकडे गेलं की लागतं ते. पावसाळ्याच्या बेगमीला वहिनी दर एप्रिलात सुक्या बोंबलांची जुडी पाठवते. पिशवी दाराशी टांगलेली, तिचा वास सगळ्या घरात, आणि समोर वहीत समद्विभुज त्रिकोण. वास आणि त्रिकोण असे एकत्र आले की मी वीसेक वर्षं मागे जातो. माझ्या डोक्यात भूमितीचा वास खारट आहे. याला माझा इलाज नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. दोन प्रयत्नांत. गणितात काठावर. पण आमच्या आळीत मॅट्रिक होणारा मी पहिलाच, त्यामुळे किती प्रयत्नांत हे कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही. मी फक्त बोलणं सुधारलं. घरात सगळे 'हाय' आणि 'नाय' म्हणत असताना मी एकटाच 'आहे' आणि 'नाही' म्हणायला लागलो. आई काळजीने शेजारणीला सांगायची, "आमच्या पोराच्या जिभेला काय झालंय गो? चांगला बोलत होता."

नोकरी नव्हती. बाबा आणि दादा होडीवर. मला होडी लागायची, म्हणजे उलट्या व्हायच्या. मच्छीमाराच्या घरात हे सांगायला लाज वाटते, पण आता या वयात लाज तरी किती पुरवून वापरायची? तर मी किनाऱ्यावर असायचो, बोंबील सुकत घालायच्या जागेवर, बायकांच्यात. कामाला म्हणून नाही. कावळे हाकलायला.

ती जागा डोळ्यांपुढे आणायची तर आधी वलांडी कळली पाहिजे. दोन बांबू घ्यायचे, वरच्या टोकाजवळ एकमेकांना बांधायचे आणि खाली पाय फाकवून वाळूत रोवायचे, झाली वलांडी. अशा जोड्या ओळीने उभ्या करायच्या आणि एकीकडून दुसरीकडे दोऱ्या ताणायच्या. त्या दोऱ्यांवर बोंबील. म्हणजे लांबून पाहिलं तर वाळूवर त्रिकोणांची रांगच उभी. बोंबील एकेकटा टांगत नाहीत. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ओला बोंबील म्हणजे नुसता पाण्याचा गोळा, पण तोंडात दात मात्र बारीक आणि धारदार. बायकांची बोटं त्या दातांतून अशी फिरायची की आपण बघतच राहावं.

हिरावहिनी, म्हणजे माझ्या दादाची बायको, त्या कामात सगळ्यांत सरस. तेव्हा असेल सव्वीस वर्षांची. बोलता बोलता, मागे वळून कोणाला तरी हसत असताना, तिचा हात पाटीत जायचा आणि बरोबर सारख्या लांबीचे दोन बोंबील घेऊन बाहेर यायचा. एक मोठा, एक लहान असं कधी नाही. मी एकदा विचारलं, "वहिनी, न बघता कसं कळतं?"

"बघायचं काय त्यात? तोंडाला तोंड लावायचं, शेपटीला शेपटी लागते का ते हाताला समजतं. जोडी नाय जुळली तं वाऱ्यात मोठा धाकट्याला ओढून नेतो, दोन्ही वाळूत."

मी मान डोलावली आणि कावळे हाकलायला गेलो. भूमितीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कोणी आपल्याला सांगून गेलं हे माझ्या लक्षात यायचं काहीच कारण नव्हतं. मी मॅट्रिक होतो.

त्या वर्षी गावात बातमी आली की जूनपासून बालवाडी निघणार. बाई गावातलीच हवी, पण सातवी पास. वहिनी सहावी शिकलेली. मग धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसली, मग लग्न, मग बोंबील. पण तिच्या वलांडीखाली सावलीला गावातली पाच-सात पोरं कायम जमलेली असायची. ती हाताने जोड्या लावायची आणि तोंडाने त्यांना गोष्टी सांगायची. बातमी आली त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मी बाहेरून सातवीला बसते. मला एकदा खुर्चीवर बसून हजेरी घ्यायची हाय."

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली. "आन् बोंबील कोन घालनार?"

"सकाळचं घालून जाईन. बालवाडी अकराला असते."

 तव्यावरची भाकरी करपली तेव्हा आई बोलली. "बस. पन एकदाच. नापास झालीस तं गुमान मासळीची पाटी उचलून माझ्यासंगं बाजाराला यायचं. परत पुस्तकाचं नाव नाय काढायचं."

"नाय काढनार."

"शिकवनार कोन तुला?"

मी घसा साफ केला. आजही मला तो क्षण आठवला की कोणीतरी माझं तोंड वेळीच धरायला हवं होतं असं वाटतं. "मी शिकवीन," मी म्हणालो. "मी आहे ना."

आमची शाळा म्हणजे ती वाळूच. दुपारची चार वाजल्यानंतरची वेळ, उन्हं कलती, पाण्याला ओहोटी. वाळूवर काडीने लिहायचं आणि पायाने पुसायचं. वह्या होत्या, पण वहिनीच्या हातांमुळे त्यांना असा वास लागला होता की त्या घरात उंचावर ठेवाव्या लागायच्या. मांजर इतिहासाची वही घेऊन दोनदा पळालं. मराठीची तिला अडचण नव्हती. इतिहासातले राजे तिला नात्यातले वाटायचे, कोण कोणाशी कसा वागला यावर तिचं स्वतंत्र मत असायचं. घोडं अडायचं ते गणिताशी. अपूर्णांक म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. त्यामुळे भूमितीवर भिस्त होती.

त्रिकोणांचे प्रकार शिकवायचा दिवस मला अजून स्पष्ट दिसतो. मी काडी टाकून दिली आणि समोरच्या वलांडीकडे हात केला, अगदी आमच्या हायस्कुलातले सर करायचे तसा. "हे दोन बांबू सारखे की नाही?"

"सारखे. तुमच्या दादांनी एकाच मापानं तोडलेत."

"आणि ही खालची वाळू म्हणजे पाया. दोन बाजू सारख्या, पाया वेगळा. हा समद्विभुज त्रिकोण. नीट उभी असलेली वलांडी म्हणजे समद्विभुज त्रिकोण, एवढं लक्षात ठेव."

तिचा चेहरा उजळला. इतके दिवस पुस्तकात परक्यासारखं बसलेलं काहीतरी उठून तिच्या अंगणात आलं होतं. पुढचे आठ दिवस तिला जिकडे तिकडे समद्विभुज त्रिकोण दिसू लागले. कौलारू घराची पुढची बाजू, पानवेलीच्या वाडीतला राखणदाराचा झावळ्यांचा झाप, फाकलेला चिमटा, पाय पसरून उभे राहिलेले आमचे बाबा. "आये, मामंजी बघा, समद्विभुज!" ती म्हणाली, आणि आईने दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं की आता सुनेच्याही जिभेला काहीतरी झालंय.

मला माझ्या शिकवण्याचा इतका अभिमान वाटला की मी रात्री आरशात बघून मास्तरांसारखा भांग पाडून पाहिला.

परीक्षेला आठवडा राहिला होता. मी पालघरहून एका ओळखीच्याकडून मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मिळवून आणली. तिच्यात चार त्रिकोण छापले होते आणि खाली प्रश्न, यातले समद्विभुज ओळखा. तिसरा त्रिकोण आडवा होता. टोक उजवीकडे, पाया डावीकडे भिंतीसारखा उभा. वहिनीने त्यावर बोट ठेवलं.

"भावजी, ह्यो?"

"हा नाही."

"का?"

"बसलेला नाही. बघ ना, आडवा पडलाय. एक बाजू वर चाललीय, एक खाली. सारख्या कशा असतील?"

ती कागदाकडे बघत राहिली. मासळी घेताना बायका कल्ला उघडून बघतात तशी. "ही वाऱ्यानं पडलेली वलांडी दिसते."

"पडलेली वलांडी ती वलांडी का? तिच्यावर बोंबील घालता येतात?"

"नाय."

"मग!" मी म्हणालो.

हा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटला होता. तिने पट्टी शोधली, तर मी म्हणालो, "पट्टी कशाला? नजर पाहिजे. आमचे सर नजरेने सांगायचे." आणि यात खोटं काही नव्हतं. सर नजरेनेच सांगायचे, कारण फळ्यावर सर सगळे त्रिकोण बसलेलेच काढायचे. अकरा वर्षं मी शाळेत जाऊन आलो, पण आडवा समद्विभुज मला कोणी दाखवलाच नव्हता. न पाहिलेली गोष्ट अस्तित्वात नसते अशी माझी समजूत होती, आणि तिला मी ज्ञान म्हणत होतो.

वहिनीने हळूच प्रश्नपत्रिका घडी करून पोलक्यात खोचली. "बरं," एवढंच म्हणाली. "आता अपूर्णांक घेऊ."

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या एसटीने आम्ही पालघरला आलो. केंद्र एका शाळेत होतं. सकाळी मराठी, दुपारी दोनला गणित, इतिहास-भूगोल दुसऱ्या दिवशी. बाहेरून बसणाऱ्यांत वहिनीच सगळ्यांत मोठी. एका मुलीने तिला पर्यवेक्षिका समजून बाकाचा नंबर विचारला. ती घाबरली नव्हती, पण साबणाने तीनदा धुतलेले हात पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होती. "वास येतो काय, भावजी?"

"नाही येत," मी म्हणालो. येत होता.

तिला आत सोडून मी शटलने बोईसरला गेलो. तिकडे तेव्हा कारखान्यांच्या शेडी धडाधड उभ्या राहत होत्या आणि एका ठेकेदाराला हिशोब ठेवणारा माणूस हवा होता असं कळलं होतं. ठेकेदार जेवायला गेलेला. मी उन्हात त्याची वाट बघत उभा. समोर मोकळ्या जमिनीवर चार-पाच कामगार लोखंडी पट्ट्या जोडत होते. सगळे उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. त्यांनी जमिनीवर एक प्रचंड त्रिकोण आडवा टाकला होता. त्याचं टोक माझ्या पायाशी आलेलं.

वेळ जात नव्हता म्हणून मी विचारलं, "ये क्या है?"

"कैंची है, बाबू. छप्पर इसी पे बैठेगा." तो मिस्त्री पन्नाशीचा असावा, कानावर विडी अडकवलेली.

"ऐसा आडवा क्यों है?"

"अभी सो रही है," तो हसला. "शाम को खड़ी करेंगे." आणि त्याने एक दोरी घेतली, टोकाशी एकाला धरायला लावली, एका बाजूवर ताणली, बाजू संपली तिथे गाठ मारली. मग तीच दोरी दुसऱ्या बाजूवर नेली. गाठ बरोबर तिच्याही शेवटाला आली.

"दोनों बराबर?" मी विचारलं. 

"बराबर नहीं होगी तो खड़ी करके क्या फ़ायदा? छप्पर टेढ़ा बैठेगा. बराबर तो यहीं होना पड़ता है, सोते में."

मी त्या लोखंडी त्रिकोणाकडे बघत राहिलो. तो माझ्यासमोर आडवा पडला होता आणि त्याच्या दोन बाजू सारख्या होत्या. कोणी उभा केला म्हणून त्या सारख्या होणार नव्हत्या, त्या आधीच तशा होत्या. दादाने बांबू तोडले तेव्हा ते घराच्या मागे जमिनीवर पडलेले होते आणि तेव्हाही सारखेच होते. वारा आला, वलांडी पडली, तरी बांबू काही वाऱ्याने आखूड होत नाहीत. वाळूवर पडलेली वलांडी मी जन्मभर बघत आलो होतो. एकदाही बघितली नव्हती.

"क्या हुआ, बाबू? धूप लग गई?"

"टाइम क्या हुआ?"

एक वाजून गेला होता. मी पळालो. ठेकेदार समोरून ढेकर देत येत होता, त्यालाच धडकलो, आणि त्या नोकरीचं तिथेच काय ते झालं. स्टेशनात शटल लागलेली मिळाली. मनात म्हटलं, पोचतो. वहिनीला आत जाण्याआधी एवढंच सांगायचं होतं, पडलेला पण चालतो. तीन शब्द. गाडी उमरोळीला आली आणि थांबली. सिग्नल मिळेना. खिडकीबाहेर एक गुराखी बाई झाडाखाली निवांत बसली होती, तिच्या म्हशी निवांत, गार्ड निवांत, साऱ्या जगात घाई मला एकट्यालाच. त्या बाईने मला विचारलं, "कोनाला बरं नाय काय?"

"वहिनीची परीक्षा आहे."

"मंग तुमी कशाला घामाघूम झालात?"

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. शिपाई आत सोडेना. मी भिंतीच्या कडेने फिरत गेलो. एका खिडकीतून वहिनीच्या डोक्यावरचा पदर दिसला. मला हाक मारायची होती, पण शिपाई मागोमाग आला. "कॉपी पुरवतो काय रे? चल, निघ!" मी म्हणालो, "कॉपी नाही हो, दुरुस्ती आहे." त्याने मला दंडाला धरून फाटकाबाहेर आणून ठेवलं.

पुढचे दोन-अडीच तास मी समोरच्या चिंचेखाली काढले. माणसाला आपल्या अज्ञानाची लाज वाटते ती बहुतेक वेळा स्वतःपुरती असते. माझं अज्ञान मी दुसऱ्याच्या पेपरात पाठवलं होतं. तिला खुर्ची हवी होती, हजेरीचा कागद हवा होता, आणि मी तिच्या हातातली पट्टी काढून घेतली होती. डोळ्यांपुढे आई दिसायला लागली, दोन पाट्या घेऊन बाजाराच्या वाटेवर, आणि तिच्या मागे वहिनी.

घंटा झाली. पोरं बाहेर आली, शेवटी वहिनी. पदराने कपाळ पुसत. मला बघून थबकली. "हे काय? धुळीत लोळलात काय? नोकरीचं काय झालं?"

"वहिनी," मला धाप लागली होती, खरं तर बसून बसून लागायचं कारण नव्हतं, "वहिनी, तो आडवा त्रिकोण... पडलेला पण..."

"चालतो," ती म्हणाली. "माहीत हाय."

"माहीत? कधीपासून?"

"तुमी सांगितलंत ना नाय म्हनून, त्याच रातीपासून. कागद दुमडून बघितला. टोकाशी धरला नि ह्या बाजूवर ती बाजू टाकली. जोडी जुळली. बोंबलासारखी."

"मग मला बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "तुमी रुसला असता, भावजी. आन् अपूर्णांक राहिले होते. ते कोनी शिकवले असते?"

मी चिंचेला टेकलो. बोईसर ते पालघर मी एका प्रश्नाच्या उत्तरासाठी जीव तोडून आलो होतो, आणि ते उत्तर आठवडाभर तिच्या पोलक्यात घडी घालून ठेवलेलं होतं.

"आला होता का तसा प्रश्न?"

"आला की. चार चित्रं. दोन समद्विभुज ओळखा, दोन्ही बरोबर आले तरच चार गुन. एक आन् तीन लिवलंय." तिने प्रश्नपत्रिका पिशवीत सारली. मी ती बघायला मागितली नाही. हिंमत नव्हती. "तीन नंबरचा पडलेलाच हाय," ती म्हणाली. "चला, गाडी चुकेल. बोंबील उन्हात करपत असतील."

निकाल मे अखेरीस आला. मराठी चौसष्ट, इतिहास-भूगोल एकसष्ट, गणित अडतीस. पास व्हायला पस्तीस लागायचे. आईने निकालाचा कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला, मग देवापुढे ठेवला, आणि वहिनीला म्हणाली, "पहाटे उठावं लागंल हां. बोंबील घालून मंग जायचं." वहिनीने आळीभर सांगितलं, "भावजींनी शिकवलं म्हनून." दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे तीन पोरं शिकवणीला आली. मी प्रत्येकाला आधी पट्टी आणायला सांगितलं. पुढे बोईसरला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो आणि शिकवण्या सुटल्या. शिक्षणक्षेत्राचं त्यात काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

आता मात्र कधी कधी मी उगाचच विचार करत बसतो. माणसं ओळखताना आपण काय करतो? समोरचा नीट बसलेला दिसला की त्याला एक नाव देतो, आडवा दिसला की दुसरं. सरळ बोलणारा शहाणा, 'नाय' म्हणणारा अडाणी. किती माणसं मी नुसती मान सरळ ठेवून नापास केली असतील, कोण जाणे. आपलीच मान थोडी वाकडी करून बघावी, एवढं सोपं सुचायला मला जमिनीवर झोपलेली एक लोखंडी कैची लागली. आणि वहिनीला कागदाची एक घडी पुरली.

हे सगळं छायाला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काकीकडे न्या." मग काल शनिवारी रजा टाकून आम्ही माहीमला गेलो. वलांड्या तशाच उभ्या, वाळू तशीच, कावळे बहुधा तेव्हाच्या कावळ्यांची नातवंडं असतील. आई आता नाही. वहिनी बालवाडीत होती. एक खोली, भिंतीवर रंगीत कागदाचे त्रिकोण चिकटवलेले, त्यातला एकही बसलेला नाही. कोणी डोक्यावर उभा, कोणी कुशीवर, कोणी घसरगुंडीवरून येत असल्यासारखा. खाली पंधरा-वीस पोरं, आणि खुर्चीवर वहिनी, चष्मा लावलेली.

छायाने लगेच विचारलं, "काकी, तुझा तो पेपर आहे अजून?"

वहिनीने कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी हजेरीच्या जुन्या वह्या, त्यांच्याखाली परीक्षेतला तो कागद. पिवळा पडलेला. मी तो पहिल्यांदाच बघत होतो. चार त्रिकोण. तिसरा आडवा, आणि त्याच्यावरून एक घडी गेलेली. तेवढ्यात छाया म्हणाली, "बाबा, घड्या चार आहेत."

खरंच चार होत्या. प्रत्येक त्रिकोणावर एक. पहिल्या सरळ बसलेल्यावरसुद्धा. दुसऱ्या सरळ बसलेल्यावरसुद्धा. ज्यांची मी ग्वाही दिली असती, ज्यांना बघायचीही गरज नाही असं मी म्हणालो असतो, तेही तिने दुमडून पाहिले होते.

"वहिनी, पण हा दुसरा..." मी म्हणालो. "हा तर सरळसरळ समद्विभुज दिसतोय. तू एक आणि तीन कसं लिहिलंस?"

"घडी घालून बघा."

मी जुन्या घडीवरच कागद हलक्या हाताने दुमडला आणि खिडकीकडे धरला. एका बाजूवर दुसरी बाजू पडली. आणि खालच्या टोकाला, तांदळाच्या दाण्याएवढी, एक बाजू बाहेर डोकावली.

"हा नाय, भावजी," वहिनी म्हणाली. "हा नुसता बसलेला हाय."

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. अडतीसातून त्या प्रश्नाचे चार. पुन्हा केली. दोन्ही वेळा चौतीसच आले.

पोरं गलका करायला लागली होती. वहिनीने ट्रंक बंद केली, खुर्चीवर बसली, हजेरीची वही उघडली आणि चष्म्यावरून एकेकाचं नाव घ्यायला लागली. एकेक बारीक आवाज उठत होता. छाया भिंतीशी मान वाकडी करून त्रिकोण बघत होती. शेवटचं नाव झाल्यावर वहिनीने वही मिटली नाही. माझ्याकडे पाहिलं.

"भावजी?"

मी उभा राहिलो. "हजर," मी म्हणालो.